नकाशा गोठ्यापासून काढायला घ्या

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या घरातल्या सोफ्यावर बसता येत नाही. सोफा आहे, चांगला एल आकाराचा, बेळगावातनं आणलेला, पण त्या दिवसांत त्याच्यावर रताळ्याची पोती असतात, खाली बटाटा पसरलेला असतो, टीव्हीच्या खाली भाताचं बियाणं, आणि पाहुणे आले की आम्ही त्यांना घेऊन बाहेर गाडी लावायच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसतो. गाडी कुठे? गाडी रस्त्यावर, कारण पार्किंगमध्ये पॉवर टिलर आणि फवारणीचा पंप आहे. २०१६ ला घर बांधलं, तीन बेडरूम, हॉल, किचन, दोन बाथरूम, समोर स्टीलचं रेलिंग. इंजिनिअर चांगला माणूस होता, त्याला मी काही बोलणार नाही. त्यानं विचारलं बेडरूम किती पाहिजेत, मी सांगितलं तीन. म्हशी किती हे त्यानं विचारलं नाही आणि मी पण सांगितलं नाही.

हे फक्त माझंच असतं तर लिहिलं नसतं. बेळगावातनं पश्चिमेला निघा, हिंडलगा ओलांडून उचगाव, तुरमुरीकडे, नाहीतर तिकडून बेळगुंदी, किणयेकडे, रस्त्याला लागून एकापेक्षा एक बंगले दिसतील, पुढून बघितलं तर बेळगाव शहरातल्या टिळकवाडीतलं घर वाटेल, काच, एलिव्हेशन, पीओपीची डिझाइन. आता त्याच घराच्या मागे जाऊन बघा. पत्रे, ताडपत्री, बांबू, जुन्या फ्लेक्सचं छप्पर, त्याच्याखाली म्हशी, त्याच्या बाजूला चूल, चुलीवर आंघोळीचं पाणी, आणि घरातली सगळी माणसं दिवसभर तिथंच. म्हणजे वीस-पंचवीस लाख घातलेल्या घरात आपण झोपायला जातो आणि राहतो मात्र वीस-पंचवीस हजाराच्या पत्र्याखाली. माझं म्हणणं एवढंच आहे की हे उलटं झालंय, आणि ते उलटं व्हायला आपली हौस, इंजिनिअरचा साचा आणि सरकारची योजना तिघंही सारखेच जबाबदार आहेत. शेतकऱ्याचं घर हे राहायची जागा असतंच पण त्याच्या आधी ती कामाची जागा असते, मग नकाशा काढताना सुरुवात कामापासून का नको?

आता कोण म्हणेल की ह्याला जुनं घर पाहिजे, मातीच्या भिंती, कौलं, चुलीवरची भाकरी. अजिबात नाही. मी त्या घरात वाढलोय. पुढे सोपा म्हणजे ओसरी, सोप्यातच एका बाजूला जनावरं, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परडं म्हणजे मागचं अंगण. दिवसा पण माजघरात बल्ब लावावा लागायचा. धुरानं आजीचे डोळे गेले असं आई अजून म्हणते आणि ते खोटं नसावं. पावसाळ्यात गोचीड अंथरुणापर्यंत यायचे. बायकांना परसाकडला अंधाराची वाट बघावी लागायची. त्या घराचं कौतुक करणारे बहुतेक लोक पुण्यात राहतात.

पण एक गोष्ट त्या घरात बरोबर होती ती म्हणजे क्रम. माणूस शेतातनं आला, चिखलाचे पाय घेऊन आला, तर तो कुठून शिरणार, पाय कुठे धुणार, विळा-खुरपं कुठे टेकवणार, पोतं कुठे उतरवणार, दूध कुठून आत येणार, शेण कुठून बाहेर जाणार, ह्या प्रत्येकाला जागा होती आणि ती कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या वापरून ठरवलेली होती. पलीकडच्या कन्नड गावात पण तेच घर, फक्त सोप्याला पडसाली म्हणतात. पोत्यांना माळा होता, बियाण्याला कणगी होती, माळ्यावर खालच्या चुलीची ऊब जायची त्यामुळे भाताला कीड कमी लागायची. आजच्या हॉलमध्ये विट्रिफाईड फरशीवर ठेवलेल्या पोत्याला खालून ओल धरते, मग आम्ही लाकडी फळ्या घालतो, आणि फळ्यांखाली उंदीर.

आणि वाटणी. हे कोण बोलत नाही पण घर बांधताना सगळ्यात मोठा प्रश्न तोच असतो. गावठाणातली आमची जुनी घरं लांबट, भिंतीला भिंत लागून, रुंदी कमी आणि लांबी भरपूर. दोन भाऊ वेगळे झाले की घर उभं चिरायचं, मधे भिंत घालायची, दोघांनाही पुढचा सोपा मिळायचा आणि दोघांनाही मागचं परडं मिळायचं, दहा-बारा फुटाची पट्टी का असेना पण ती पुढून मागेपर्यंत पूर्ण घर असायची. आता बंगला आडवा वाटला जातो, एक खाली एक वर. वरच्याला परडं नाही, गोठा नाही, पोती जिन्यानं डोक्यावर न्यायची, म्हातारपणी तर वरनं खाली यायलाच नको. आमच्याच गल्लीत वरच्या भावानं पाच वर्षात म्हशी विकल्या, शेती परवडत नाही म्हणून विकल्या असं तो सांगतो, पण मला विचाराल तर जिना परवडला नाही. घर बांधतानाच वाटणी होणार हे धरून चाललं तर त्यात अशुभ काय आहे? दोन जिने, मागे दोन दारं, दोन मोऱ्यांची सोय, मधल्या भिंतीची जागा पायाच्या कामातच धरून ठेवलेली, याला पैसे थोडेच जास्त लागतात. मधली भिंत कुठे येणार हे आईबापाच्या हयातीत ठरलं तर कोर्टाची फी वाचते.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या शेतकऱ्यांचं घर एक नसतं. हे शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही आणि योजना लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही. आमच्या जिल्ह्यात ऊस भरपूर, अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाक सगळीकडे. ऊसवाल्याचा माल घरी येतच नाही. शेतातनं तोडला, ट्रॅक्टरवर चढवला, कारखान्यात गेला, घरी आलं ते फक्त जनावरांना वाढं आणि पुढेमागे कधीतरी बिल. त्यानं बंगला बांधला तर त्याचं फारसं अडत नाही, ट्रॅक्टरला आणि जनावरांना जागा असली की झालं. पण बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग, खानापूर, इथं भात, बटाटा, रताळी, नाचणा, येळ्ळूर-वडगाव शिवारात मसूर, वाटाणा. ह्यातलं प्रत्येक पीक घरी येतं, पसरावं लागतं, वाळवावं लागतं, निवडावं लागतं, दर येईपर्यंत थांबवावं लागतं. आमचं तीन एकर भात, साठ-सत्तर क्विंटल झालं तर ५० किलोची सव्वाशेच्या आसपास पोती होतात. सव्वाशे पोती तुम्ही कुठल्या बेडरूममध्ये ठेवणार सांगा. ठेवायला जागा नाही म्हणून मळणी झाल्या झाल्या व्यापाऱ्याला घालावं लागतं, दर पडलेला असतो तेव्हाच. म्हणजे घराच्या नकाशातली एक कमी खोली दरवर्षी थेट खिशातनं पैसे काढते. निपाणीकडे परत वेगळं, तिथं तंबाखू, त्याची धूळ घरात नको म्हणून तंबाखूचे बोद म्हणजे गठ्ठे ठेवायची जागा लांब आणि कोरडी पाहिजे. एकाच जिल्ह्यात ही तीन वेगळी घरं झाली, आणि नकाशा मात्र सगळ्यांना एकच, हॉल-किचन-बेडरूम.

आता सरकारचं बघू. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ ला आली, त्यात घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसकट, आणि सपाट भागात मदत १ लाख २० हजार. आधीच्या इंदिरा आवासमध्ये २० चौरस मीटर होतं, म्हणजे वाढलंय, ते कबूल. आणि ज्याला डोक्यावर छप्परच नाही त्याला २५ मीटर पण फार मोठी गोष्ट आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. पण आता पशुसंवर्धनवाले काय सांगतात ते बघा. एका मोठ्या म्हशीला छताखाली ४ चौरस मीटर आणि मोकळं फिरायला ८ चौरस मीटर जागा असावी. चार म्हशी धरा, छताखाली १६, मोकळी ३२, एकूण ४८. म्हणजे सरकारच्याच हिशोबानं चार म्हशींना ४८ मीटर आणि नवरा-बायको, दोन पोरं, सासू-सासरे यांना २५. म्हशीला जास्त आहे असं माझं म्हणणं नाही, म्हशीला बरोबरच आहे. गंमत अशी की हे दोन आकडे लिहिणारी दोन खाती कधी एका टेबलावर बसलेली नाहीत. घर आवासमधून, गोठा नरेगातून, गोबर गॅस तिसरीकडून, पागोळ्याचं पाणी साठवायचं तर चौथं खातं, आणि हे चारी ज्या एका परड्यात येऊन आपटतात ते परडं कोणाच्याच कागदावर नाही. आमच्याकडे नरेगातून बरेच गोठे झाले, त्यातले काही मी बघितलेत, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून, कारण फोटो काढायला तेवढीच जागा मोकळी होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा ही संधी होती. मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा, मार्कंडेय सगळ्याच फुगल्या, जिल्ह्यात मातीच्या भिंतींची घरं धडाधड बसली, नदीपासून लांबच्या गावात पण नुसत्या झडीनं बसली. कर्नाटक सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले, ही रक्कम छोटी नव्हती. कोणाला मिळाले कोणाला नाही, कोणाचं घर कुठल्या कॅटेगरीत घातलं, ती भांडणं वेगळी. मला खटकतं ते हे की एवढी घरं एकदम नव्यानं उभी राहणार होती तर पंचायतीत तीन-चार चांगले नकाशे टांगायला काय हरकत होती, भातवाल्याचं असं, दूधवाल्याचं असं, नदीकाठचं जोतं एवढं उंच. काही नाही. पैसे हप्त्यानं खात्यावर आले, गवंड्यानं त्याला येतं ते बांधलं, चार कोपरे आणि वर स्लॅब.

स्लॅबवरून आठवलं. आमच्याकडचा एक प्रकार बाहेरच्यांना खरा वाटणार नाही. आधी कौलं काढायची, लाखो रुपये घालून आरसीसी स्लॅब टाकायचा, दोन पावसाळ्यात तो गळायला लागला की त्या स्लॅबवर लोखंडी अँगल उभे करून पत्र्याचं शेड मारायचं. म्हणजे छपरावर छप्पर. घाटाकडच्या जांबोटी-कणकुंबीत तर हे पहिल्याच वर्षी करतात, तिथला पाऊस तसाच आहे. मग आधीच उतरतं छप्पर का नाही? खानापूरची माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी प्रसिद्ध, तिथं खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, आणि त्याच तालुक्यात कौलारू घर म्हटलं की लोक नाक मुरडतात. कौलाला कटकट आहे हे मान्य, माकडं आहेत, दरवर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही. पण मधला रस्ता आहे. लॉरी बेकर नावाचे आर्किटेक्ट केरळमध्ये कित्येक वर्षं हेच करत होते, स्लॅबच्या खालच्या बाजूला जिथं काँक्रीटचं काही कामच नसतं तिथं जुनी कौलं घालायची, त्याला फिलर स्लॅब म्हणतात, सिमेंट वाचतं, वजन कमी होतं आणि खालची खोली उन्हाळ्यात जरा कमी तापते. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची रॅट ट्रॅपची भिंत, तिला साधारण पाव हिस्सा विटा कमी लागतात. आमच्या गवंड्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, हे टीव्हीतलं कुठलं काढलाय?" त्याला कोण शिकवणार? ज्या कामाला मजुरी कमी मिळते ते काम तो स्वतःहून का शिकेल?

मग घर असावं कसं, माझ्या डोक्यात. घर बांधून चुकलेला माणूस म्हणून सांगतो, आर्किटेक्ट म्हणून नाही.

पहिल्यांदा गोठ्याची जागा ठरवायची. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं मारतो, वारा पण तिकडचाच, म्हणून गोठा घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला, म्हणजे चार-पाच महिने वास आणि माश्या घरापासून लांब जातात. थंडीत वारा उलटा फिरतो तेव्हा थोडा वास येणार, ते सोसायचं. वास्तुवाल्यांना ईशान्य म्हटलं की देवघर आठवतं, मला माहितेय, त्यावरून आमच्या घरातच आठवडाभर वाद झालाय. गोठा इतका लांब नको की पहाटे पाच वाजता पावसात बायकोला भिजत जावं लागेल आणि इतका जवळ नको की भाताच्या शितावर माशी. मधे पडवी असावी, छप्पर जोडलेलं, माणूस कोरड्या पायानं जाईल अशी. गोठ्याची फरशी गुळगुळीत नको, जनावर घसरून पडलं की संपलं, आणि दर चाळीस फुटाला फूटभर तरी उतार पाहिजे म्हणजे मूत एका नाल्यानं खड्ड्यात जाईल. त्याच्याच खाली गोबर गॅस. २ घनमीटरच्या प्लांटला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, चार-पाच जनावरं असली की निघतं, आणि एका घराचा स्वयंपाक त्यावर होतो. सिलेंडरचा दर बघून सुद्धा आपण हे प्लांट बुजवून त्यावर तुळशी लावल्यात. का, तर शेण वाहून न्यायचं अंतर जास्त. गोठा वर आणि प्लांट खाली असा उतारानं बसवला असता तर पाटीच उचलायला लागली नसती. नकाशातली चूक आपण आळशीपणाच्या नावावर खपवतो, आणि तो आळस पण बायकांच्या.

गवतगंजी घरापासून आणि विजेच्या तारेपासून लांब, ह्यावर तडजोड नाही. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते, ठिणगी पडून गवतगंज्या खाक, वर्षभराची वैरण गेली.

मग मागची पडवी. माझ्या मते हीच घराची मुख्य खोली आणि हिलाच सगळ्यात जास्त जागा द्यायला पाहिजे, हॉल गेला उडत. किमान बारा फूट रुंद, एका टोकाला हातपाय धुवायला आणि आंघोळीला मोरी, फवारणी करून आलेला माणूस आत न शिरता इथंच कपडे काढेल, आंघोळ करेल, मग घरात. औषधाच्या बाटल्यांना इथंच वर कुलपाचं कपाट. आज बहुतेक घरात त्या बाटल्या कुठे असतात? जिन्याखाली, चपलांच्या बाजूला, पोरांच्या हाताला येतील अशा. दुसऱ्या टोकाला पाणी तापवायची चूल, धुराला वाट असलेली. मधे बसून बायका रताळी निवडतील, म्हातारा दोर वळत बसेल आणि जनावरांवर नजर ठेवेल, पोरं अभ्यास करतील, खरं तर हे सगळं आत्ता पण तिथंच होतं, फक्त पत्र्याखाली आणि चिखलात. फरशी शहाबादी, खडबडीत, पाणी मारून धुता येईल अशी.

धान्याची खोली पडवीला लागून, आणि तिला रस्त्याकडनं पण मोठं दार, ट्रॉली मागे घेऊन थेट दारात पोती उतरता येतील असं. तिची जमीन ट्रॉलीच्या पाट्याच्या उंचीला आणता आली तर उत्तमच, पाठीचे मणके वाचतात. खिडक्या वर, जाळी लावलेल्या, पोती भिंतीपासून हातभर सोडून. भात १४ टक्के ओलाव्याच्या खाली वाळलेलं असेल तरच ते टिकतं, नाहीतर कितीही चांगली खोली बांधा. फाटक दहा फुटाचं तरी पाहिजे. आमचं आठ फुटाचं आहे, डिझाइनचं, त्याच्या एका खांबाला ट्रॉलीनं तीनदा घासलंय.

आणि पाणी. एक हजार चौरस फुटाचं छप्पर म्हणजे जवळपास ९३ चौरस मीटर, एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर होतं, आमच्याकडे वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पडतो, म्हणजे लाखभर लिटर पाणी छपरावरनं पन्हाळीतनं रस्त्यावर जातं आणि मार्चमध्ये आपण टँकरसाठी पंचायतीत भांडतो. सगळं साठवायची गरज नाही, जनावरांना धुवायला, प्यायला पाच-दहा हजार लिटरची टाकी आणि उरलेलं बोअरच्या बाजूच्या खड्ड्यात सोडलं तरी पुष्कळ.

यावर लोक जे बोलतात ते मला पाठ आहे. पहिलं, "असलं घर बांधलं तर पोराला मुलगी कोण देणार?" यावर हसू नका, हा खरा प्रश्न आहे. स्थळ बघायला येणारे घराचं तोंड बघतात, आणि शेतकऱ्याच्या पोराला आधीच मुली मिळत नाहीत. माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. एवढं मात्र सांगतो, लग्न करून आलेली पोरगी दुसऱ्या दिवशी उभी राहते ती मागच्या बाजूला, पुढच्या रेलिंगला नाही. आमच्या वैनी लग्नाला वीस वर्षं झाल्यावर एकदा म्हणाल्या, तुम्ही मला घर दाखवलात पण मोरी दाखवली नाही. मुली बघायला जाताना आता मुलीकडच्यांनी मागचं दार उघडून बघावं असं मला वाटतं. तसा रिवाज पडला तर पाच वर्षात सगळ्या घरांच्या मागच्या बाजू सुधारतील, कुठल्या योजनेची गरज नाही.

दुसरं, "शेती राहणार आहे का? गोठ्यासाठी एवढा खर्च कशाला?" बेळगावच्या भोवतीच्या गावांना हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकत्या जमिनीतनं जेसीबी फिरलेला लोकांनी बघितलाय, पोरं उद्यमबागच्या कारखान्यात नाहीतर पुण्याला जातात. बरोबर. पण मोठी पडवी आणि मोठं धान्याचं कोठार असलेलं घर उद्या शेती सुटली तरी वापरता येतं, कोठारात वर्कशॉप घाला, पिठाची चक्की घाला, भाड्यानं द्या. तीन बेडरूमच्या घरात मात्र काहीच घालता येत नाही, रताळी सोडून.

तिसरी अडचण कागदाची. गावठाणात जागा नाही, मग शेतात घर बांधूया म्हटलं तर काय? चिकोडी-अथणीकडे लोक पहिल्यापासून मळ्यात राहतात, आमच्याकडे ती सवय नाही, पण आता तरणी माणसं जायला बघतायत. कर्नाटकच्या जमीन महसूल कायद्यात शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात राहायचं घर बांधायला, जमिनीच्या १० टक्क्यांपर्यंत, जमीन बिगरशेती (एनए) न करता मुभा आहे. पण बँकेत गेलात तर कर्जाला फॉर्म ९ आणि ११ म्हणजे पंचायतीचे मिळकतीचे उतारे मागतात, शेतातल्या घराला ते सहज निघत नाहीत. थ्री फेज वीज सात तास, ते पण कधी रात्रीचे, पावसाळ्यात पाणंदीतनं शाळेची पोरं गुडघाभर चिखलातनं येणार. आणि आमच्या सीमाभागाची वेगळीच तऱ्हा, उतारा कन्नडमध्ये, नकाशा इंग्रजीत, आणि भांडण मराठीत. म्हातारा माणूस सही करतो तेव्हा त्याला आपण कशावर सही करतोय ते कळत नाही. सीमेचा खटला सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, त्याचं व्हायचं ते होईल, तोपर्यंत घराच्या परवानगीचा एक कागद तरी माणसाला वाचता येईल अशा भाषेत का देऊ नये? हे मागणं राजकारण म्हणून करत नाही, मला चौकटीची रुंदी कळायला पाहिजे म्हणून करतोय.

मागायचं तर मी पंचायतीकडे पैसे मागणार नाही, ते येतात जातात. मागणार एवढंच की योजनेतलं घर मंजूर करताना गोठा, कोठार, पडवी आणि पाण्याची टाकी एकाच नकाशावर काढून घ्या, आत्ता पैसे नसतील तर फक्त जागा आखून ठेवा, बांधायचं ते पुढच्या सुगीनंतर बांधू. तालुक्याच्या प्रत्येक भागासाठी दोन नकाशे, इथल्या पावसाचे, इथल्या पिकांचे. दोन-चार गवंड्यांना फिलर स्लॅब शिकवा. आणि नकाशावर सही करायच्या आधी घरातल्या बाईला विचारल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नका. बेळगावातल्या इंजिनिअर मंडळींना पण माझी विनंती आहे, बेडरूम किती हे विचारायच्या आधी तीन प्रश्न विचारा, पीक कुठलं, जनावरं किती आणि भाऊ किती.

आमच्या चुलतभावाचं घर आता व्हायचंय, गेल्या महिन्यात आखणी झाली. इंजिनिअरनं दोरी लावून चुना मारला, हॉल पुढे, किचन मागे, मागचं दार दोन फुटाचं. वैनी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन तिथूनच चालल्या होत्या. त्या चुन्याच्या दोन रेघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या, पाटी तशीच, दोन्ही हात वर, कोपरं बाहेर आलेली, आणि म्हणाल्या, "आता जावा म्हणा मला आत." इंजिनिअर हसला. मग त्यानं पायानं एक रेघ पुसली.